जिनातली शनिवारची बैठक

पांढुर्ण्याच्या एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात मी टायपिस्ट म्हणून लागलो, तेव्हा ऐंशीचं दशक नुकतं सुरू झालं होतं. माझं घर सौंसरला. वडील तिथं शाळेत शिक्षक होते. मी आठवडाभर पांढुर्ण्यात राहायचो आणि रविवारी एस.टी.नं घरी जायचो.

कारखान्याला गावात कोणी कारखाना म्हणत नसे. जिन म्हणत. हंगाम दिवाळीनंतर सुरू होई आणि उन्हं तापेपर्यंत चाले. बैलगाड्यांतून आलेल्या कापसाचे ढीग आवारात पडत. बाया तो कापूस टोपल्यांत भरून लाकडी जिन्यानं वर नेत आणि रेचा नावाच्या यंत्रांच्या तोंडाशी ओतत. रेचा सरकी खाली टाकी आणि रुई पुढं ढकली. रुईच्या गाठी प्रेसमध्ये बांधल्या जात, हमाल त्या पाठीवर घेऊन थप्प्या लावत. बायांना रोजानं मजुरी मिळे, हमालांना गाठीमागे. पुढं जे घडलं त्याचं निम्मं कारण या एका फरकात होतं.

दुसरं कारण नात्यांचं होतं. जिनात येणारी माणसं पांढुर्ण्याच्या दोनचार मोहल्ल्यांतली आणि जाम नदीपलीकडच्या सावरगावातली. ज्या घरातला पुरुष हमाल, त्याच घरातल्या सुना टोपल्या उचलायला. त्यामुळं आवारात पाहिलं तर अर्ध्या बायांचे सासरे नाहीतर भासरे तिथंच पाठीवर गाठ घेऊन उभे असत. भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. त्याच्यासमोर बाई डोक्यावरचा पदर पुढं ओढते, बाजेवर बसली असेल तर खाली उतरते आणि त्याच्या कानावर जाईल असं बोलत नाही. तोही घरात शिरताना आधी खाकरतो, म्हणजे तिला सावरायला वेळ मिळावा. कामाच्या जागी हा नियम ढिला होई, पण सुटत नसे. भासरा जवळून गेला की टोपली डोक्यावर असतानाही एक हात पदराकडे जाई.

मी लागलो तेव्हाचे मॅनेजर वयस्क होते आणि तोंडानं वाईट होते. ते कोणाला काही विचारत नसत. ऑफिसच्या ओसरीत खुर्ची टाकून बसत आणि तिथून ओरडत. हमाल त्यांच्या माघारी त्यांची नक्कल करत, बाया त्यांच्या नावानं बोटं मोडत. पण त्या काळी जिनात एक मुकादमीण होती. सावरगावची म्हातारी, आवारातले सगळे पुरुष तिच्यापुढं लहानाचे मोठे झालेले. तिला कोणासमोर पदर घ्यावा लागत नसे. बायांचं काही असलं की ती कंबरेवर हात ठेवून ओसरीपुढं उभी राही. मॅनेजर तिला शिव्या घालत, ती उभीच राही, आणि दुसऱ्या दिवशी बहुतेक वेळा काम झालेलं असे. पाण्याचा माठ असाच आला होता. जिन्याची मोडकी पायरीही अशीच बदलली होती.

मग मॅनेजर निवृत्त झाले आणि मालकांनी नागपूरहून नवे मॅनेजर पाठवले. तिशीतले, शिकलेले, मृदू बोलणारे. पहिल्याच दिवशी त्यांनी ओसरीतली खुर्ची आत नेली. हमालांना ते अहो-जाहो करत, बायांना काकू किंवा ताई म्हणत. आल्या आल्या त्यांनी दोन गोष्टी जाहीर केल्या. दर शनिवारी पगार वाटण्याआधी सगळ्यांची बैठक होईल आणि जिनाचा प्रत्येक निर्णय त्या बैठकीत, सर्वांच्या मतानं होईल. आणि आता मधल्या माणसांची गरज नाही. मुकादम नको, मुकादमीण नको. ज्याला जे म्हणायचं आहे ते त्यानं स्वतः, सर्वांसमोर म्हणावं.

मुकादमिणीला त्यांनी वाईट वागवलं नाही. साडी दिली, तिच्याबद्दल चार शब्द बोलले, टाळ्या झाल्या. ती साडी काखेत धरून नदीपलीकडे निघून गेली.

पहिल्या बैठकीत कोणी बोललं नाही. मॅनेजर हसतमुखानं थांबून राहिले. शेवटी हमालांचा प्रमुख, गाठीवर बसलेला, म्हणाला, "साहेब, इचारूनच राहिले त चहाचं इचारा." सगळे हसले. मॅनेजरही हसले आणि त्यांनी हात वर करायला सांगितलं. पुढच्या आठवड्यापासून दुपारी चहा येऊ लागला. त्यानंतर हमालांची जीभ सुटली. गाठींना सुताची दोरी की तार, जेवणाची सुटी किती, भोंगा किती वाजता, सगळं बैठकीत येऊ लागलं. पुरुष कामावर वेळेत येत. भांडणं कमी झाली. गावात आमच्या जिनाचं नाव निघू लागलं. हमाल बैठकीला चावडी म्हणत, पण ते कौतुकानं. मालकांनी नागपूरहून दुसऱ्या जिनांचे मॅनेजर ही पद्धत बघायला पाठवले होते, त्यांच्या आगमनाची पत्रं मीच टाइप केली.

बाया मागच्या बाजूला, सरकीच्या ढिगाला टेकून बसत. चेहरे पदरात. मॅनेजर दर वेळी त्यांच्याकडे बघून विचारत, "ताई, आपलं काय?" मागून काही येत नसे. ते थोडं थांबत आणि म्हणत, "म्हणजे विरोध नाही."

मी एकदा त्यांना सांगितलं, की समोर सासरे-भासरे बसलेले असताना त्या बोलणार नाहीत. त्यांना ते माहीत होतं. ते म्हणाले, "तीच पद्धत मोडायची आहे. ती मी हुकूम काढून मोडू शकत नाही. बैठकीतच मोडेल." ते हे मनापासून म्हणत होते. त्यांच्यात मला कधी खोटेपणा दिसला नाही.

मी ज्या घरात खोली घेऊन राहत होतो, ते त्या हमालप्रमुखाच्या विधवा भावजयीचं घर होतं. म्हणजे तो तिचा भासरा. आवार एकच, मध्ये कुडाची भिंत. तिला मी काकू म्हणत असे. नवरा गेल्यावर तिनं जिनातलं काम धरलं होतं. मूल नव्हतं, शेत नव्हतं. भासऱ्याच्या चुलीवर जेवायचं नाही, हे तिनं नवऱ्याच्या तेराव्यालाच ठरवलं होतं, असं ती मला म्हणाली होती. त्यासाठी जिनातली टोपली तेवढी तिच्या हातात होती.

मुकादमीण गेल्यानंतरच्या हंगामात कोवळ्या पोरांना घेऊन येणाऱ्या बायांचा प्रश्न निघाला. पोरं कापसाच्या धुळीत निजत आणि खोकत. बैठकीत कोणी बोललं नाही. मग काकू एका दुपारी ऑफिसात आली. मॅनेजर तिचे कोणी लागत नव्हते, त्यांच्याशी बोलायला तिला अडचण नव्हती. तिनं नीट सांगितलं, त्यांनी नीट ऐकलं आणि भिंतीबाहेर पत्र्याखाली झोळ्या बांधायची जागा करून दिली. पण ती निघताना ते तिला म्हणाले, "काकू, हे शेवटचं. पुढच्या वेळी बैठकीत बोला. मी खोलीत बसून निर्णय घ्यायला लागलो, तर माझ्यात आणि आधीच्या साहेबांत फरक काय राहिला?"

काकूनं मान हलवली. घरी आल्यावर तिनं मला विचारलं, "फरक असाच पायजे का बाबू?"

त्याच्या पुढच्या वर्षी पाइपचा विषय आला. पत्र्याचा मोठा पाइप आणि त्याला जोडलेला पंखा. ढिगातला कापूस पंखा ओढून घेणार आणि पाइपमधून थेट रेच्यांवर नेऊन टाकणार. मालकांनी निर्णय मॅनेजरवर सोडला होता. या हंगामात बसवा किंवा बसवू नका, असं त्यांचं पत्र होतं. मॅनेजरनी ते बैठकीपुढं ठेवलं. काही लपवलं नाही. ते म्हणाले, काम वेगानं होईल, गाठी जास्त निघतील, आणि टोपल्या वाहणाऱ्या निम्म्या बायांना काम राहणार नाही. हे बरं की वाईट, तुम्ही सांगा.

गाठी जास्त म्हणजे हमालांना पैसे जास्त. त्यांचे हात लगेच वर गेले. काकूचा भासरा म्हणाला, बाया पण सुटतील, किती दिवस धूळ खाणार. ते त्याला खरंही वाटत असावं. त्याच्या घरच्या बायकांची मजुरी त्याच्याच हातात जायची, आणि गाठींचा हिशेब त्याहून बरा पडत होता. मग मॅनेजर सरकीच्या ढिगाकडे वळले. "कोणाचा विरोध?" ते नेहमीपेक्षा जास्त थांबले. मी बाजूला उभा होतो. पदराखाली कोणी खोकलं, तेवढंच.

"विरोध नाही," ते म्हणाले.

सोमवारी काकू ऑफिसात आली. मॅनेजरनी तिला खुर्ची दिली, ती जमिनीवर बसली. त्यांनी विचारलं, "त्या दिवशी तुम्ही का बोलला नाहीत?"

"बोलूनच राहिली होती साहेब. पदरात बोलून राहिली होती."

तिनं दोन गोष्टी मागितल्या. एक, मुकादमिणीला एका दिवसासाठी बोलवा, ती आमचं सांगेल. त्यावर ते म्हणाले, की त्या आता जिनात नाहीत, आणि तुमच्यासाठी दुसऱ्यानं बोलायचं हेच तर थांबवायचं होतं. मग तिनं दुसरी वाट काढली. दारात मडकं ठेवा. वर फडकं बांधा. प्रत्येकानं आत हात घालून पाइप पाहिजे असेल तर सरकी टाकावी, नको असेल तर कापसाचा बोळा. कोणाचा हात काय टाकतो ते दिसणार नाही.

मॅनेजरचा चेहरा उजळला. असं काही सुचावं म्हणूनच ते बैठका घेत होते. पहिला निर्णय बाजूला ठेवून पुन्हा मत घ्यायलाही ते तयार झाले. मला त्यांनी कुंभाराकडून मडकं आणायला लावलं. काकू त्या संध्याकाळी घरी आली तेव्हा तिनं ज्वारीच्या भाकरीबरोबर वांग्याचं भरीत केलं आणि मला वाढलं. तिनं आणखी काही बायांना सांगून ठेवलं होतं. "निवडून येऊन राहिलो बाबू आमी," ती म्हणाली. तिला मी हसताना पाहिल्याचं तेवढंच एक आठवतं.

शनिवारी मडकं टेबलावर ठेवलेलं होतं. मॅनेजर उठले. मत घेण्याची नवी रीत त्यांनी समजावून सांगितली. मग ते म्हणाले, "पण रीत बदलायची, तर तीही आपल्या सर्वांच्या संमतीनंच बदलली पाहिजे. गुप्त मत घ्यावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्यांनी पुन्हा तेच म्हटलं.

काकूचा भासरा गाठीवरून उठला. तो रागावलेला नव्हता, दुखावलेला होता. "आमी का चोर आहो साहेब, फडक्याखाली हात घालाले? दोन वर्षं झाली, सारं उघड्यावर करून राहिलो. तुमीच शिकवलं. आता तुमीच झाकाले सांगून राहिले." पुरुषांत हुंकार उठला. त्याचं म्हणणं मॅनेजरना लागलं. ते त्यांच्याच शब्दांत होतं.

सरकीच्या ढिगाकडे सगळ्यांच्या माना वळल्या. ज्या बायांना काकूनं सांगून ठेवलं होतं, त्यांचे सासरे, भासरे, नवरे त्यांच्याकडे बघत होते. हातच काय, कोणाची बांगडीही वाजली नाही.

मग काकूचा हात वर गेला. डोक्यावरच्या पदरासकट. पदर खांद्यावर घसरला आणि तिचं डोकं, तिचे पिकलेले केस, तिचं तोंड तिच्या भासऱ्यासमोर उघडं पडलं. इतक्या वर्षांत त्यानं ते पाहिलेलं नव्हतं. त्यानं मान फिरवली, पायताण घातलं आणि तो पगार न घेता बाहेर गेला. मागं कोणीतरी म्हणालं, "पाह्य बाप्पा." त्याला कोणी हसलं नाही.

मॅनेजरनी तिच्याकडे बघितलं. "एक," ते म्हणाले. ते अत्यंत हळू म्हणाले. मग त्यांनी विरोधाचे हात मोजले. आधीचा निर्णय कायम राहिला. मडकं त्या दिवसापासून ऑफिसात कोपऱ्यात होतं, त्यात चपराशी पिण्याचं पाणी भरू लागला.

कोणत्या बाया ठेवायच्या हेही बैठकीनंच ठरवलं. ज्याच्या त्याच्या घरानं नाव सांगावं, ही सूचना हमालांची होती आणि ती सर्वांना न्यायाची वाटली. काकूच्या भासऱ्यानं आपल्या मोठ्या सुनेचं नाव घेतलं. दुसरं नाव घेतलं नाही. मॅनेजरनी विचारलं, "आपल्याकडच्या काकूंचं काय?" तो म्हणाला, "थे आमच्या घरची नाई साहेब. तिचं घर अलग आहे." कागदावर हे बरोबर होतं. तिनं स्वतःच वेगळी चूल मांडली होती. तिच्या घरात नाव घ्यायला पुरुष नव्हता. मॅनेजरनी विरोध आहे का विचारलं. काकू त्या दिवशी आलेली नव्हती.

पाइप बसला. पंख्याचा आवाज मोठा होता. पूर्वी रेच्यांच्या खडखडाटात बाया एकमेकींच्या कानाशी तोंड नेऊन बोलत, तेही आता ऐकू येईना.

काकूनं काही दिवस संत्र्याच्या पेट्या भरायचं काम केलं. मळ्यातून आलेली संत्री निवडून तणसात बसवायची. संत्र्याचा तोडा संपला तसं तेही संपलं. कुडाच्या पलीकडून तिच्याशी बोलणं बंद झालं होतं. आवारातली विहीर भासऱ्याच्या बाजूला होती. बादली कोणी हिसकावली नाही, फक्त ती गेली की पुतण्यांच्या बायका विहिरीवरून उठून जात. ती पाणी घेऊन येई आणि ओट्यावर बसून राही.

एकदा मी तिला म्हणालो, की साहेबांना वाईट वाटतं आहे. ते खरं होतं. ते मला दोनदा तसं म्हणाले होते, आणि हेही म्हणाले होते की एका माणसासाठी सगळ्यांचा निर्णय मोडला, तर बैठकीला अर्थ उरणार नाही.

"त्याच्या वाईट वाटण्याचं का करू मी," काकू म्हणाली. "तो म्हातारा साहेब नाई मने, त मी घरी येऊन त्याच्या सात पिढ्यांले शिव्या देऊ. दुसऱ्या रोजी मुकादमिणीसंग पुन्हा जाऊ. आता कोणाले देऊ बाबू? सारे त आपलेच होते तिथं. ज्याचा हात पाहावा, तो आपलाच."

उन्हाळ्यात ती तिगावजवळच्या खेड्यात भावाकडे गेली. तिथं भावाच्या चुलीवर जेवणं आलं. स्टेशनावर मी ट्रंक नेऊन दिली. पॅसेंजर उशिरा होती. घराची किल्ली तिनं मला दिली, भासऱ्याला द्यायला. स्वतः त्याच्या हातात देता येत नव्हती.

जिनातल्या बैठका चालू राहिल्या. पुढं वर्तमानपत्रात नोकरी करताना मी पुष्कळ सभा पाहिल्या, ठराव मंजूर होताना पाहिले, पण इतकं एकमत पुन्हा कुठं पाहिलं नाही. मॅनेजर प्रश्न विचारत आणि त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत हात वर गेलेले असत. चहा, दोरी, भोंगा, सगळ्याला. कोणी थट्टा करत नसे. हमाल पूर्वी चावडीवर हमरीतुमरीवर येत, तेही बंद झालं. एका माणसाचं नाव बैठकीनं गाळलं, म्हणजे कोणाचंही गाळू शकते, हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं असावं. मॅनेजरना हे जाणवत होतं. एकदा त्यांनी मला विचारलं, "हे लोक मनातलं का बोलत नाहीत हो आता?" मी म्हणालो, मला माहीत नाही. मला माहीत होतं, पण ते त्यांनाही माहीत होतं.

काकूचं घर भासऱ्याकडे आलं. मी भाडं त्याला देऊ लागलो. एका शनिवारी सकाळी तो माझ्याकडे आला. दारात येताना खाकरला. आत पदर घेणारं कोणी नव्हतं, खोलीत मी एकटा होतो. सवयीनं खाकरला असावा. तो उंबऱ्याशी उभा राहिला आणि जरा वेळानं म्हणाला, प्रेसवरच्या माणसांऐवजी काही नवीन यंत्र येणार असं ऐकलं, हमाल कमी लागतील म्हणतात, खरं का. मी म्हणालो, मालकांचं पत्र आलं आहे, बैठकीत येईल.

त्यानं मान हलवली. त्याच्या खांद्यावर गाठींनी पडलेला घट्टा होता, तो त्यावर हात फिरवत राहिला.

"साहेबाच्या मनात का आहे, थे पयलेच सांगत जा बाबू," तो म्हणाला. "हात वर कराचा का खाली ठेवाचा, तेवढं सांगत जा."

मी सांगितलं, की साहेबांनी अजून काही ठरवलेलं नाही, ते सगळ्यांना विचारणार आहेत.

"मंग झालं," तो म्हणाला आणि कुडाच्या पलीकडे निघून गेला.